हर्रास पुकारणाऱ्याचं पोरगं

हर्रास संपतो, माल पोत्यांत भरून निघून जातो, तरी ओट्यावर दाणे पडून राहतातच. किश्श्यांचंही तसंच आहे. मी रिसोडच्या धान्यबाजारात हर्रास पुकारतो, म्हणजे लिलावाची बोली ओरडतो. सोयाबीनचा ढीग, भोवती व्यापारी आणि मधोमध मी! दहा वर्षं झाली. बाजारातले किस्से माझ्याकडे आधीपासून होतेच, पण घरात पोरगं आल्यापासून त्यांची आवक एवढी वाढली की ठेवायला जागा नाही. फरक इतकाच, की पूर्वी माझे किस्से ऐकून लोक दुसऱ्याला हसायचे. आता प्रत्येक किश्श्यातलं गाढव मीच असतो.

पोराचं नाव रुद्र. नाव मीच ठेवलं. म्हटलं, बापाचा आवाज असा, तर पोराचा कसा घुमेल! मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. मी पाळण्यात वाकून गळा शोधत होतो.

*

बारशाला बाजारातली सगळी मंडळी आली होती. मी ज्यांच्या अडतीत काम करतो ते शेठ, आमचे मापारी गफ्फारभाई, चार-पाच हमाल. गफ्फारभाई म्हणाले, "पोट्टं दाखव ना भाई, का नुसतं जेवणच हाय?"

मला चेव आला. मी रुद्रला दोन्ही हातांनी वर उचललं आणि बाजारातल्या आवाजात पुकारलं, "पाहून घ्या! एक नंबर माल! काडी नाही, कचरा नाही, एकदम कोरडा!"

'कोरडा' म्हणायला आणि रुद्रनं माझ्या नव्या शर्टावर धार सोडायला एकच गाठ पडली.

शेठ तसे मोजकंच बोलतात. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "ओलावा हाय. भाव पाडा."

*

रुद्र झोपला की घरात कुजबुजत बोलायचं, असा माझ्या बायकोनं, वैशालीनं, नियम केला. मी तो अगदी मनापासून पाळायचो. एका दुपारी मी कुजबुजत विचारलं, "झोपला काय गं?"

शेजारच्या घरातून काकूंचा आवाज आला, "तुमचा झोपला असंल भाऊ, आमचा उठला!"

*

रुद्र वर्षाचा झाला तरी वैशालीला तो हडकुळाच वाटायचा. मी म्हटलं, वजनाचं काय घेऊन बसलीस, आपल्या घरचा काटा आहे! बाजाराला सुट्टी होती त्या दिवशी आम्ही त्याला घेऊन गफ्फारभाईंकडे गेलो. ज्या काट्यावर पोती मोजतात, त्याच्यावर रुद्र एकटा बसेना. मग गफ्फारभाईंनी तोडगा काढला. आधी मला आणि रुद्रला एकत्र मोजायचं, मग मला एकट्याला, आणि वजाबाकी करायची.

माझा आकडा आला तसा गफ्फारभाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिला. चहा पीत बसलेले हमाल उठून आले. एकानं मला काट्यावरून उतरवलं, काटा रिकामा चालतो का ते पाहिलं आणि पुन्हा चढवलं.

"भाभी," गफ्फारभाई शेवटी म्हणाले, "पोट्टं एकदम बराबर हाय. घरातलं सारं खाणं कुठी जाऊन राह्यलं, तेबी कळलं!"

*

पहिलं पाऊल. या प्रसंगाची माझी तयारी पूर्ण होती. वैशालीकडे मोबाइल दिला, मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उकिडवा बसलो आणि हाक घातली, "ये! ये बाबू! ये रे!"

रुद्र भिंतीला धरून उभा होता, तो फतकल मारून बसला. पुन्हा उभा केला, पुन्हा हाक, पुन्हा फतकल. माझी आई ओसरीवरून म्हणाली, "अरे, लेकराले बोलावून राह्यला का बैल हाकलून राह्यला?"

मला वाटलं आवाज कमी पडतोय. मी आणखी जोर लावला. तेव्हा रुद्रनं भिंत सोडली, छान वळला आणि डुलत डुलत चार पावलं चालला. माझ्या विरुद्ध दिशेला!

तो व्हिडिओ आम्ही सगळ्या नातेवाइकांना पाठवला. त्यात पोराची पाठ दिसते आणि माझं ओरडणं ऐकू येतं. मेहुण्याचं लगेच उत्तर आलं, "भाऊजी, भांडण कोणासंग झालं?"

*

पोरगं चाललं, धावलं, जिना चढलं, पण बोलेना. दोन वर्षं झाली तरी एक शब्द नाही. पाणी हवं तर माठाकडे बोट, बाहेर जायचं तर चपलांकडे बोट. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. आमचं उलटं होतं. आड तुडुंब आणि पोहरा कोरडा!

आईनं उपाय काढला. "राघूनं उष्टा केलेला पेरू त्याले चार. पोट्टं पोपटावानी बोलते."

मामाचं शेत अनसिंगला आहे, बांधावर पेरूची झाडं आहेत. मी तिथं गेलो आणि झाडाखाली उभा राहिलो. राघू आले, पण वरच्या फांदीवर बसून राहिले. मी त्यांना प्रेमानं बोलावलं, "या! या खाली! खा!" थवाच्या थवा उडाला तो पलीकडच्या शिवारात गेला.

मामा लांबून पाहत होता. म्हणाला, "भाचेबुवा, दर आठवड्याले येत जा. राखणदार ठेवाची गरज नाही."

शेवटी मामानं मला घरात बसवलं, तेव्हा कुठे एका राघूनं एक पेरू चोचला. तो मी रुमालात बांधून रिसोडला आणला. रुद्रनं तोंड फिरवलं. लाडीगोडी केली, साखर लावली, तरी नाही. एवढ्या मेहनतीचा पेरू वाया कसा घालवायचा, म्हणून मी खाल्ला.

वैशालीनं कपाळावर हात मारला. "झालं! आता तं तुमी आणखीच बोलसान!"

*

हसण्यावारी नेत होतो, पण खरं सांगतो, मला भीती वाटत होती. गल्लीतली त्याच्या बरोबरीची पोरं आईबापाला हाका मारायची, दुकानात जाऊन बिस्किट मागायची. आमचा उंबऱ्यावर बसून त्यांच्या तोंडाकडे पाहत राहायचा. अख्ख्या बाजाराला माझा आवाज जातो आणि माझ्या घरातून मला एक हाक येत नाही, हे मला सहन होत नव्हतं. भ्यालेला माणूस गप्प होतो म्हणतात. मी भ्यालो की जास्त बोलतो.

वाशीमला लहान मुलांच्या डॉक्टर मॅडमना दाखवलं. त्यांनी रुद्रच्या मागून डबी वाजवली, हळूच हाक मारली, मशीन लावून कान तपासले. मग विचारलं, "घरात याच्याशी जास्त कोण बोलतं?"

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं.

"हो," मॅडम म्हणाल्या, "ते बाहेर बसलेल्या पेशंटनाही कळलंय."

पोराला उत्तम ऐकू येत होतं, सगळं समजत होतं. काही मुलं उशिरा बोलतात, घाबरू नका, घरी त्याच्याशी बोलत राहा, सावकाश बोला, मध्ये थांबा आणि काही महिन्यांनी पुन्हा दाखवा, असं मॅडमनी सांगितलं. यातलं 'बोलत राहा' एवढं मी पक्कं लक्षात ठेवलं.

आणि सुरुवात परतीच्या एसटीतच केली. "बाबू, हे पाहा शेत! हे पाहा ट्रॅक्टर! हा पाहा पूल! पुलाखाली काय? पाणी! पाण्यात काय? म्हैस!" रुद्र खिडकीला नाक लावून ऐकत होता. आमच्या बाजूच्या बाकावरची आजीही ऐकत होती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "भाऊ, म्हैस डाव्या अंगाले व्हती काय? मले दिसली नाही."

कंडक्टर पुढून चालत आला आणि तिकिटाचं मशीन माझ्या मांडीवर ठेवून म्हणाला, "आता थांबेबी तुमीच पुकारा. मी जराक बसतो."

*

एकट्यानं बोलून भागेना, म्हणून मी रुद्रला बाजारात आणायला लागलो. तिथं शेकडो तोंडं, त्यातलं एखादं तरी लागू पडेल! मी सगळ्यांना सांगून ठेवलं, याच्याशी बोला. बाजार कामाला लागला. हमाल पोतं उचलता उचलता त्याला सोयाबीन, तूर, हरभरा शिकवायचे. गफ्फारभाई त्याला आकडे शिकवायचे. एक शेतकरी तर रुद्रसमोर बसून खताच्या भावाबद्दल मनापासून बोलला. जाताना म्हणाला, "लय समजदार लेकरू हाय. मधात नाही बोलत."

रुद्र मात्र जाऊन शेठच्या मांडीवर बसायचा. शेठ काही शिकवत नव्हते. हर्रास चालू झाला की व्यापारी भाव वाढवायला नुसती मान हलवतात, कोणी भुवई उडवतो. शेठनी मान हलवली की रुद्रही हलवायचा.

एक दिवस मी काकुळतीला येऊन म्हटलं, "शेठ, तुमी तरी बोला ना त्याच्यासंग. असा कसा मुका राहून राह्यला?"

शेठ म्हणाले, "काहून घाबरतं? हा व्यापारी होते. घेणारा कधी बोलते काय? बोलते तो तुयासारखा, पगारी."

*

ऐन हंगाम होता. ओटा सोयाबीननं भरला होता, पाय ठेवायला जागा नव्हती. रुद्र अडीच वर्षांचा होत आला होता. त्या दिवशी शेठच्या मांडीवर जायला गर्दीतून वाटच नव्हती, म्हणून मी त्याला खांद्यावर घेऊन हर्रास पुकारत होतो. एका म्हाताऱ्या शेतकरी काकांचा ढीग आला. माल झकास होता. मी मूठभर दाणे हवेत उडवले आणि आवाज लावला. भाव चढायला लागला तसा माझा आवाजही चढला. व्यापारी पुढे सरकले, मी आणखी वरचा सूर धरला.

तेवढ्यात दोन छोटे हात वरून खाली आले आणि माझ्या तोंडावर घट्ट बसले.

"बाबा," कोणीतरी म्हणालं, "चूप!"

मला वाटलं, गर्दीतलं कोणी असेल. मी मान वर करून पाहिलं. रुद्र कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे पाहत होता.

"बाबा, चूप!"

दहा वर्षांत पहिल्यांदा चढता भाव मध्येच थांबला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मला ते पुसायचंही सुचेना.

ढिगाजवळ उभे असलेले काका घाबरले. "काय झालं भाऊ? माह्या मालात काही खोट निघाली काय?"

"नाही काका," मी म्हटलं, "पोरगं बोललं!"

"काय बोललं?"

"मले चूप म्हणलं! बाबा चूप म्हणलं! पेढे आणा रे!" हे मी एवढ्या जोरात सांगितलं की बाजाराच्या फाटकावरचे लोक वळून पाहायला लागले.

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा रुद्रकडे. मग आपल्याच ढिगाच्या कडेला टेकले आणि म्हणाले, "मंग व्हा ना चूप. माहा माल कुठी पळून नाही राह्यला."

मी रुद्रला खांद्यावरून उतरवून समोर धरलं. "बाबू, पुन्हा म्हण."

"चूप!"

"अजून एक वार!"

रुद्रनं माझे दोन्ही ओठ चिमटीत धरले.

मागून गफ्फारभाई डोळे पुसत आले आणि म्हणाले, "दहा साल झाले भाई, आख्खा बाजार तुले हेच सांगून राह्यला. आमच्यासाठी कधी पेढे नाही वाटले!"