साडूंची दोन दातेरी चाकं

नसरापूरपासून वेल्ह्यापर्यंत जेवढी चाकं फिरत असतील, त्या सगळ्यांची काळजी माझ्या साडूंना एकट्याला होती. त्यांच्याविषयी लिहायचं मी कितीतरी वर्षं टाळलं, कारण त्यांच्या वेडाची गंमत सांगता सांगता गोष्ट माझ्यापाशी येऊन थांबते. आता पंचाहत्तरी उलटली. आणखी टाळण्यात अर्थ नाही.

साडूंचं नसरापूरला मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज होतं. जगातली सगळी दुःखं चुकीच्या गिअरमुळे होतात, असं त्यांचं ठाम मत. एसटीत ते ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसायचे आणि चढ आला की "टाका आता, टाका" असं पुटपुटायचे. वरात चढाला लागली की बँडवाल्यांना ठेका बदलायला लावायचे. मुलीची पाठवणी करताना ढसाढसा रडत जावयाला म्हणाले, "पाव्हणं, पहिल्या गिअरात लई ताणू नका." जावई तेव्हापासून त्यांना बिचकूनच असायचा.

उतारवयात त्यांनी लोखंडी पाइप जोडून, जुन्या मोटरसायकलचं इंजिन बसवून एक कार्ट बनवली. बूड रस्त्याला घासेल इतकी बुटकी, शर्यतीची गाडी. हायवेजवळच्या ट्रॅकवर स्पर्धा होती आणि "म्हातारा पाळण्यात बसून पळणार" म्हणून गॅरेजसमोरची पोरं हसत होती. साडूंना त्यांना दाखवून द्यायचं होतं. अडलं होतं ते मागच्या दातेरी चाकापाशी. जास्त दात्यांचं मोठं चाक लावलं की गाडी वळणातून चटकन उठते, पण सरळ रस्त्यावर लवकर दमते. छोट्याचं बरोबर उलटं.

"सरळात छोटं लई पुढं गेलं तरच लावायचं. थोडक्यासाठी वळणं घालवायची न्हाईत," ते म्हणाले.

वेग मोजायला मोबाईल त्यांना चालत नसे. "त्यो आभाळाला इचारून सांगतो. आपण जमिनीवर पळतोय न्हवं?" किकवीजवळ एका प्लॉटिंगमध्ये, जिथे एकही घर उभं राहिलं नव्हतं, तिथल्या डांबरी रस्त्यावर त्यांनी दोन दगड चुना लावून ठेवले. गाडी पहिल्या दगडाशी आली की माझ्या मेहुणीबाईंनी पंचा खाली टाकायचा, मी घड्याळ सुरू करायचं आणि गाडी माझ्याजवळच्या दगडापाशी आली की बंद करायचं.

सकाळी मोठं चाक लावून फेऱ्या झाल्या. छोटं चढवेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. माझ्या दगडाच्या बरंच अलीकडे, गाडी यायची त्या बाजूला, करंजाची सावली होती. मी तिथे जाऊन उभा राहिलो आणि गाडी झाडापाशी आली की घड्याळ दाबत राहिलो. चार पावलांनी काय होतंय, असं वाटलं. वेळ ऐकून साडू गाडीतून उडी मारून उठले. "बघ गं, छोटं लईच पळालं!"

मेहुणीबाई लांबून ओरडल्या, "दाजी, खरं का हो?"

"घड्याळात तसंच दिसतंय," मी म्हणालो.

स्पर्धेत प्रत्येक वळणातून छोटं चाक लावलेली साडूंची गाडी झोपेतून उठल्यासारखी निघायची आणि बाकीचे भुर्रकन पुढे. पोरं ओरडत होती, "काका, उतरून ढकला!" साडू सगळ्यांत शेवटी आले. मला म्हणाले, "साडूबुवा, तुमच्या घड्याळाची चूक न्हाई. माझंच डोकं चुकलं." दोन्ही चाकं त्यांनी गॅरेजच्या खिळ्याला टांगली ती कायमचीच. त्यानंतर त्यांनी काहीच मोजलं नाही. एसटीतही मागे कुठेतरी बसू लागले.

एकदा विंझरला एका लग्नाला आम्ही एसटीनं निघालो होतो. मी मनाचा हिय्या करून म्हटलं, "साडूबुवा, त्या दुपारी मी..." तेवढ्यात गाडी चढाला लागली. ड्रायव्हरनं गिअर बदलला आणि साडूंची मान ताठ झाली. "उशिरा टाकला," ते पुटपुटले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत ती जुनी चमक दिसली. ती मोडायला नको म्हणून मी गप्प बसलो. खरं तर मला गप्प बसायला निमित्तच हवं होतं.

साडू गेल्या वर्षी गेले. चाकं अजून त्याच खिळ्यावर आहेत. गेलो की मी त्यांच्यासमोर उभा राहतो आणि तोंडाशी आलेलं परत गिळतो: साडूबुवा, तुमचं डोकं चुकलं नव्हतं. मी सावलीत उभा होतो. मला माफ करा.