जिनिंगच्या काट्यावरचा काळा पडदा

"पडदा मेला," असं मी कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं, तेव्हा तो मेलेला नव्हता. दिग्रसमध्ये माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान एवढंसं, पण निदान सांगण्याचा थाट मोठ्या डॉक्टरचा.

कापसाचे ते वाईट दिवस. भाव काही हातात नव्हता, निदान वजन तरी डोळ्यांनी दिसावं म्हणून शेतकऱ्यांनी हट्टानं हा वजनाचे आकडे दाखवणारा पडदा काट्याच्या खिडकीत लावून घेतला होता. तो बंद म्हटल्यावर काटेवाला म्हणाला, "मी अंदरून पाहून आकडा सांगतो."

काट्यावरच्या पहिल्याच टेम्पोच्या फाळक्यावर, म्हणजे मागच्या झडपेवर, हात ठेवून एक मावशी उभी होती. "मांगच्या साली असाच सांगतला होता," ती म्हणाली. "मले दिसल्याबिगर मी कापूस देत नाही."

"मावशी, मले दुसरं भाडं आहे," टेम्पोवाला कुरकुरला. "मोजा, नाहीतं माल वापस नेतो."

"ने मंग."

पण फाळक्यावरचा हात तिनं काढला नाही.

मी उगाच पडद्याची मशीन बंद करून पुन्हा चालू केली, तर आकडे आले. तेवढ्यात लाइट गेली. बऱ्याच वेळानं आली, तेव्हा पडदा परत काळा. म्हणजे गरम असला की उठतो, थंड पडला की नाही. थंड असताना वीज मिळाल्यावर त्याला जागं व्हायला क्षणभर जास्त लागायचं, आणि त्याला चालवणारा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरमधला प्रोग्राम, वीज देताच चित्र पाठवून मोकळा होत होता. मी लॅपटॉप जोडून त्या प्रोग्राममधली थांबायची वेळ वाढवली. काम एवढंच, पण ती जागा शोधण्यात दुपार झाली. मग पडदा लागला, तर मीच मेन स्विच बंद केला.

"आता कुठं चालू झाला, अन् बंद कायले करता?" टेम्पोवाला वैतागला.

"थंड होऊ दे. थंड असताना लागला तं खरं."

थंड पडद्यावर आकडे उमटले. मावशीनं ते एकेक करून मोठ्यानं वाचले, मग फाळका सोडला. "कर खाली," ती टेम्पोवाल्याला म्हणाली.

घरी जेवताना मी हा पराक्रम जरा वाढवूनच सांगितला. बायकोनं विचारलं, "मावशीनं सकाळपासून काही खाल्लं होतं का?"

मला माहीत नव्हतं. मी स्वतः मधे दोनदा चहा घेतला होता, तेवढं आठवलं.

"मशीन सुधरेपर्यंत माणसाले घरी घेऊन येत जा," ती म्हणाली. "पिठलं टाकाले कितीक वेळ लागते."