चिखलाविना चिखल्या

पायाच्या बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून सोलते, खाज सुटते, त्याला आमच्याकडे चिखल्या म्हणतात. या शब्दानेच मला फसवले. मी धुळ्याच्या कचेरीत बसणारा. दिवसभर पायांत बूट आणि नायलॉनचे मोजे.

"आफिसमा चिखल व्हस का रे?" चोपड्याला गेलो की वडील, म्हणजे आबा, माझी बोटे पाहून हसायचे. केळीला पाणी भरणाऱ्यांचा हा आजार, असे मीही धरून चाललो. मेडिकलमधून कुठलेसे मलम आणायचो, खाज थांबली की सोडून द्यायचो. आणि घरी गेलो की आबांच्याच चपला पायांत सरकवून मळ्यात हिंडायचो.

मग आबांची बोटे सोलली. त्यांना शुगर आहे. चिखल्यांवर गावाकडे लावतात तशी त्यांनी मेंदी थापली आणि त्या लाल रंगाखाली पडलेली भेग कुणाला दिसलीच नाही. पाऊल सुजले तेव्हा कळले. अशाच भेगेपायी पाय गमावलेला एक माणूस आमच्या ओळखीत होता. मी आबांना तडक धुळ्याला घेऊन आलो.

धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांचेही पाय पाहिले. "ही बुरशी आहे. तिला चिखल लागत नाही, घामाची ओलही पुरते." माझ्या मलमात स्टेरॉइड होते, त्याने खाज दबली, बुरशी पसरत राहिली. चपलांतून ती आबांकडे गेली असणार. मी तिथेच त्यांची माफी मागितली.

"चपलाच घाल्यात ना, दरोडा त नही टाका!" आबा म्हणाले.

ते आमच्याकडेच राहिले. सुजेसाठी गोळ्या, दोघांना बुरशीचे मलम, प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, मोजे सुती. अंघोळीनंतर मी त्यांची एकेक बेचकी कोरड्या फडक्याने टिपायचो. "गुदगुल्या व्हतस रे!" म्हणत ते पाय ओढून घ्यायचे. खाज थांबली तरी बाईंनी सांगितले तोवर मलम सोडले नाही.

शेवटच्या तपासणीत बाईंनी बोटे फाकवून पाहिली. भेग बुजली होती, सूज उतरली होती. बाहेर येऊन मी रिक्षाला हात केला, तर आबांनी तो खाली ओढला आणि चोपड्याच्या बससाठी स्टँडच्या दिशेने ताडताड निघाले.

"चाल ना रे, बस चुकी जाई!"

मी मागे पडलो होतो, आणि रस्त्यात एकटाच हसत होतो.