सेक्रेटरी काकांनी वड्याचं कौतुक केलं

मंडळी, सकाळपासून कामात लक्ष लागत नाहीये, म्हणून लिहितेय.

कोथरूडमधल्या एका बॅडमिंटन क्लबमध्ये मी कॅन्टीन चालवते. माझ्याआधी दोघांनी तोटा खाऊन गाशा गुंडाळला. माझं मात्र झकास चाललंय. खेळायला येणाऱ्यांपेक्षा वडे खायला येणारे जास्त, असं क्लबात सगळेच म्हणतात.

सेक्रेटरी काका सोडून. ते रोज वडा खातात आणि रोज खोट काढतात. "मीठ कमी आहे." "हा चहा आहे की काढा?" मला त्याची इतकी सवय झालीय की मी हल्ली ऐकता ऐकता पुढचा घाणा तळायला घेते.

आज वडा खाऊन ते म्हणाले, "उत्तम झालाय हो."

माझ्या हातातला झारा तसाच राहिला.

त्यांच्यासोबत एक तरुण होता. त्याने वडा आधी मोडून आत पाहिला, वास घेतला, मग खाल्ला. नंतर काउंटरच्या आत येऊन ओट्याचे फोटो काढले आणि विचारलं, "ताई, बटाटे कुठून आणता?"

काका म्हणाले, "हा आमचा जावई. हिंजवडीतली नोकरी सोडलीये. स्वतःचं काहीतरी सुरू करायचं म्हणतोय."

मी हसले. दुसरं काय करणार? माझा करार संपत आलाय आणि नव्या करारावर सही काकांचीच लागते.

तुमचं कोणी असं अचानक कौतुक केलंय का? पुढे काय झालं, खरं सांगा.

उद्या काका "मीठ कमी आहे" म्हणाले ना, तर देवापुढे साखर ठेवीन.