गोजराबाईचा ओटा आणि चुन्याची रेघ

गोजराबाईशी वाद घालून जिंकलेला माणूस केनवडात अजून जन्मायचा आहे. तिचा मुलगा गणेश ग्रामपंचायतीचा मेंबर झाला खरा, पण घरात तिच्यापुढे त्याचंही काही चालत नाही.

गोजराबाईच्या दारापुढे ऐसपैस ओटा, आणि गल्लीपल्याड अगदी समोर लिलाबाईचा तेवढाच. दुपारची जेवणं उरकली की एक इकडे बसायची, एक तिकडे. मांडीवर सूप, सुपात तूर, आणि मधल्या गल्लीतून भांडण. कोणाची कोंबडी कोणाच्या अंगणात शिरली, इथून सुरुवात. तीस वर्षं झाली, बाई, एक दिवस खंड नाही.

यंदा गल्लीला सिमेंटचा रस्ता मंजूर झाला. इंजिनीअर म्हणाला, "गल्लीतल्या लोकांना विचारूनच आखा." विचारलं. मारुतीच्या पारावर सगळी गल्ली जमली आणि एकमुखाने ठरलं, की रस्ता रुंदच पाहिजे, जागा मात्र समोरच्याने द्यावी!

तेव्हा लिलाबाईची सून साधना उठली. "दोन वर्षांमांगं आमच्या बुढीले बाजेवर उचलून नाक्यावर न्या लागलं. ॲम्ब्युलन्स गल्लीत शिरलीच नाही. इसरले काय?"

कोणीच विसरलं नव्हतं. गोजराबाई तर त्या बाजेसोबत चालली होती, लिलाबाईला शिव्या देत आणि पदराने डोळे पुसत.

शेवटी गणेशने तोड काढली. दोन्ही ओटे अर्धे-अर्धे तोडायचे. संध्याकाळी त्याने स्वतः चुन्याची रेघ मारली.

सकाळी गोजराबाईने दारात सडा टाकला, शेणाने सारवलं. रेघ गायब! दुसऱ्या दिवशी पुन्हा रेघ, पुन्हा सारवण. तिसऱ्या दिवशी गल्ली तोंडाला पदर लावून हसू लागली, आणि मेंबरसाहेबांचं तोंड एवढंसं झालं.

"आये, काहून माही इज्जत घालून राह्यली?"

"मंग दारात सडा टाकू नोको काय?"

चौथ्या दिवशी तोडायला मशीन येणार होतं. गणेश चुन्याचं घमेलं घेऊन बाहेर आला, तर रेघ आधीच मारलेली. रांगोळीची, आणि सरळसोट. लिलाबाईच्या ओट्याला ती कुठे शिवलीसुद्धा नव्हती. इकडे मात्र ती थेट गोजराबाईच्या उंबरठ्याला लागून गेली होती, आणि तिचा ओटा पुराच्या पुरा रस्त्यात.

"आये, चुकली तुही रेघ."

"नाही चुकली. अर्धे केले तं दोघीपैकी एकीलेबी मांडी घालून बसता येत नाही. तिचा पुरा राहू दे. मी तिथंच जाऊन बसीन."

समोर लिलाबाई सूप घेऊन उभी होती.  तिने ओट्यावर अंथरलेली गोधडी ओढून दोघींपुरती पसरली.

"ये," ती म्हणाली. "पण तुही कोंबडी घरीच ठेवजो."