गडावरच्या टाक्याच्या पायऱ्या

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तशी मी गप्प बसणारी नव्हे — तलासरीच्या बाजारात वांगी घेता घेता भाजीवालीच्या सुनेचं बाळंतपण विचारून येते. पण हे? हे नाही. आज सांगते, आणि दबक्या आवाजात नाही सांगणार.

आमच्या पाड्यामागच्या डोंगरावर जुना गड आहे. गड कसला — पडका दरवाजा, ढासळलेला बुरूज आणि कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. दरवर्षी होळी झाली की माझी धाकटी जाऊ सोनी वर जायची. टाक्यातला पाला, गाळ घमेल्यानं उपसायची. गुरं वर चरतात, गुराख्यांना पाणी नको? तिला कोणी सांगितलं नव्हतं.

२०१५ साली शहरातली गड बघणारी मंडळी आली. उतरताना माझ्या ओट्यावर पाणी प्यायली. "आजी, टाकं एवढं स्वच्छ कोण ठेवतं?"

सोनी तिथंच उभी. पोटऱ्यांवर चिखल वाळलेला. आणि मी म्हटलं — "मीच की!"

जीभ घसरली म्हणू? घसरलेली जीभ अर्धा तास चालते का? दरवाजावरचं कमळ, बुरजातलं मधाचं पोळं, पाण्याचा गारवा — सगळं सांगितलं मी. सोनीनं चुलीपाशी मला सांगितलेलं, तेच. पंधरा दिवसांनी मंडळी शाल-नारळ घेऊन आली. पेपरात माझा फोटो आला.

सोनी एवढंच म्हणाली, "बाय, टाक्यात उतरायला पायऱ्या किती गं?"

घरातली सगळी हसली, मस्करी वाटली त्यांना. मीही हसले.

पुढच्या होळीला ती वर गेली नाही. झाईला चिकू तोडायला गेली. नंतरही कधी नाही. टाकं गाळानं भरलं. गुराखी भर उन्हात पाण्यासाठी खाली उतरतात. २०१९ला मंडळी परत आली, टाकं बघून हळहळली — आजी थकल्या. मी गुडघे चोळून दाखवले!

शाल परत दे म्हणाल? नाही देणार. थंडीत पांघरते, चांगली ऊब आहे तिला. म्हातारीला माफ करा, असंही म्हणणार नाही. आमच्याकडे कोंबडी चोरली तरी पंच बसतात. मी जावेचा मान चोरला, गुराख्यांचं पाणी तोडलं — कोणी बसलं नाही.

टाकं सोनी साफ करायची. पायऱ्या किती, मला ठाऊक नाही. मी त्या गडावर कधी चढलेच नाही.