नदी चढत असताना क्रेसेन्सियानं यंत्र बंद केलं

कागायान नदीकाठच्या आमच्या पूर-इशारा कचेरीत क्रेसेन्सिया माकाबाब्बाद यंत्रं सांभाळायची. बांधा बारीक, बोलणं तिखट. वरच्या पुलांवरची पाण्याची पातळी एकाच जुन्या सर्व्हरवर जमा व्हायची, आणि ते धूड हल्ली मधूनच बंद पडून आपोआप पुन्हा चालू व्हायचं. तिनं मेमरीच्या पट्ट्या बदलल्या, पंख्यांतली धूळ काढली. दिवसभर बरं चालायचं, मग पुन्हा तेच.

वादळ किनाऱ्याला लागलं त्या सकाळी ती मीटरची टोकं लावून बसली होती. आकड्यांचा लोंढा आला की विजेचा दाब घसरायचा आणि यंत्र मान टाकायचं.

“पॉवर सप्लाय थकलाय. अडगळीतल्या सर्व्हरचा काढून बसवते. पण त्यासाठी हे बंद करावं लागेल.”

तिला मनांग, म्हणजे ताई, म्हणणारे आमचे तरुण साहेब, नेस्तोर बालिसी, ताडकन उठले. “आत्ता? नदी चढतेय, मनांग! वर्षानुवर्षं फिरणाऱ्या डिस्क एकदा थांबल्या की पुन्हा फिरतील कशावरून?”

“नाही फिरल्या तर मला शिव्या द्या. पण पाणी दारात आल्यावर हे आपणहून बसलं, तर शिव्या द्यायला उरणार कोण?”

साहेबांची भीती खोटी नव्हती. तिलाही ती होतीच. म्हणून तिनं आधी मला वायरलेसवर बसवलं. पुलांवरच्या माणसांनी खांबावरची मोजपट्टी डोळ्यांनी बघून आकडा तोंडी कळवायचा. सगळ्यांचे आवाज आले, तेव्हा साहेबांनी मान डोलावली. यंत्राची घरघर थांबली आणि पावसाचा आवाज एकदम खोलीत शिरला.

ती स्क्रू काढत असतानाच वरच्या पुलावरून इसिंग ओरडला, “धोक्याची लाल खूण बुडाली! ऐकताय ना?”

पडद्यावर काहीच नाही, नुसता माणसाचा शब्द. “परत विचार,” साहेब म्हणाले.

“अहो, मी इथं भिजतोय, खोटं कशाला बोलू?”

साहेबांनी भोंगा वाजवला.

क्रेसेन्सियानं मानही वर केली नाही. सप्लाय बसवून तिनं यंत्र चालू केलं, तर एक डिस्क नुसतीच टकटक करत राहिली. साहेबांनी डोळे मिटले.

“जोडीची दुसरी आहे. तिच्यावर सगळ्याची नक्कल असते,” ती म्हणाली.

दुसरी फिरली. आकडे आले. पाणी इसिंगच्या खुणेच्याही बरंच वर गेलं होतं.

तोवर खालची वस्ती शाळेच्या माडीवर पोचली होती. डुकरं गेली, भाताची पोती गेली. माणूस एकही गेला नाही.

साहेबांनी तिच्यापुढे पान्सितच्या शेवयांचं ताट सरकवलं. काटा तिच्या हातातून सारखा निसटत होता.

“भरवू का?” मी म्हटलं.

“गप बस,” म्हणत ती हातानंच खाऊ लागली.